राजा नसलेला किल्ला

कुवेतमधल्या आमच्या मंडळाच्या किल्ला स्पर्धेचा नियम मी केलेला आहे. एकच वाक्य आहे: किल्ला महाराष्ट्रातला असावा, किंवा मराठ्यांनी जिंकलेला तरी असावा. तो करायची वेळ आली, कारण एका दिवाळीत एका मुलीने गुलाबी बुरुजांचा राजकन्येचा महाल आणला आणि एका मुलाने अंतराळस्थानक. दोन्ही छान होते. पण दिवाळीत किल्ला कशासाठी करतात हे एकदा लिहून टाकलेलं बरं, म्हणून लिहिलं. त्यानंतर दरवर्षी हॉलमध्ये रायगड, प्रतापगड, सिंधुदुर्ग ओळीने बसत आले आणि प्रत्येक किल्ल्यामागे तो करणारं मूल उभं राहून त्याची माहिती सांगत आलं. माहिती मराठीतच सांगायची. हा नियम अध्यक्षांचा, आणि तो लिहिलेला नसूनही माझ्या नियमापेक्षा कडक.

इथे अंगण नाही. किल्ला प्लायवुडच्या फळीवर बाल्कनीत करायचा, लिफ्टमध्ये तिरका न करता खाली आणायचा आणि गाडीच्या मागच्या सीटवर मांडीवर धरून हॉलपर्यंत न्यायचा. माझ्या मुलीने पहिलीपासून एकही वर्ष चुकवलं नव्हतं. घरात ती माझ्या मराठी प्रश्नाला इंग्रजीत उत्तर देते, पण किल्ल्यामागे उभी राहिली की ‘माची’ आणि ‘बालेकिल्ला’ बरोबर म्हणते. मी तेवढ्यावर समाधानी होते.

मग तिचं बारावीचं वर्ष आलं. इथे जन्मलेल्या मुलांचं असं असतं की त्यांचा इकामा, म्हणजे राहण्याचा परवाना, बापाच्या नोकरीला बांधलेला असतो. शाळा संपली की मूल परत जातं. परत म्हणजे जिथे ते कधी राहिलेलंच नाही तिथे. आमची पुण्याला जाणार होती. ठरलेलं होतं, त्यात रडण्यासारखं काही नव्हतं.

शुक्रवारी सकाळी पोहे खाताना ती म्हणाली, “आई, यंदा मी फैलका करणार.”

“फैलका कुठल्या जिल्ह्यात येतो?” मी विचारलं.

“व्हेरी फनी.”

“नियमात बसत नाही.”

“आय नो. पण मी रायगड एकदा बघितलाय, रोपवेने. फैलका मी नीट बघितलाय. अँड आय वॉज बॉर्न हिअर. एकदा तरी माझा किल्ला त्या लाइनमध्ये असू दे ना. नेक्स्ट इयर मी नसणार.”

माझा नवरा मीना अल-अहमदीच्या रिफायनरीत इंजिनियर आहे. घरच्या भांडणात तो पडत नाही. तो म्हणाला, “नियम तुझ्या आईचा. अपीलही तिच्याकडेच. मला अजून पोहे मिळतील का?”

फैलका म्हणजे कुवेतच्या किनाऱ्यासमोरचं बेट. आधीच्या हिवाळ्यात आम्ही साल्मियाहून बोटीने गेलो होतो. गाव रिकामं आहे. इराकी सैन्य आलं तेव्हा माणसं गेली ती परत राहायला आली नाहीत. भिंतींवर गोळ्यांची भोकं अजून आहेत. एका कडेला कुंपणाआड चौकोनी किल्ल्याचा पाया आहे, कोपऱ्यांना बुरूज, आत देवळाचं जोतं. उंची माझ्या गुडघ्याएवढी. मी पाच मिनिटांत बघून सावली शोधली. मुलगी मात्र उन्हात कुंपणाला धरून उभी राहिली आणि घरी आल्यावर मिळेल ते वाचत सुटली. मग महिनाभर जेवताना सिकंदर.

त्या माणसाने शहरं वसवायचा सपाटाच लावला होता. नाईलच्या मुखाशी एक, अफगाणिस्तानात काही, पार मध्य आशियात एक, इकडे झेलमच्या काठी. बहुतेकांना स्वतःचंच नाव. एकाला घोड्याचं, आणि म्हणे एकाला कुत्र्याचं.

“बायकोचं एकालाही नाही?” नवऱ्याने विचारलं.

“नाही.”

“मग लवकर गेला त्यात नवल नाही.”

फैलका त्याने वसवलं नाही. त्याने या समुद्राची पाहणी करायला गलबतं पाठवली आणि बेटाला ग्रीसकडच्या एका बेटाचं नाव दिलं, एवढंच म्हणतात. पुढे तो बाबिलोनला वारला, आणि किल्ला त्याच्या सरदारांच्या वारसांनी बांधला. हे सगळं मुलीने सांगितलं. मी विचारलं की शहर वसवायचं म्हणजे नेमकं करायचं काय. ती म्हणाली, थकलेले, जखमी झालेले, वय झालेले सैनिक मागे ठेवायचे, आसपासची माणसं आणून बसवायची, भोवती भिंत घालायची आणि पुढे निघायचं.

मला हे लगेच समजलं. यालाच आम्ही पोस्टिंग म्हणतो. आम्हीही दोन वर्षांसाठीच आलो होतो. इथे ज्याला विचाराल तो दोन वर्षांसाठीच आलेला असतो. मग एक फ्रिज घेतला जातो, एक मूल होतं, आणि कोणीतरी म्हणतं की गणपती बसवूया. सिकंदर जाईल तिथे स्वतःच्या नावाचं शहर सोडून गेला. मराठी माणूस जाईल तिथे मंडळ काढतो. मला हे दुसरं काम जास्त अवघड वाटतं, कारण त्यात सगळ्यांचं ऐकून घ्यावं लागतं.

फैलक्याच्या देवळाची एक गोष्ट मला पटली. खांबांचे माथे ग्रीक धर्तीचे आणि खालच्या बैठका इराणी. म्हणजे वरचं गावाकडच्यासारखं हवं होतं आणि खालचं ज्याला जसं येत होतं तसं त्याने केलं. आमच्या मंडळाचा पहिला गणपती असाच बसला होता. मूर्ती पेणची, सुटकेसमधून कपड्यांत गुंडाळून आणलेली. मखर एका इजिप्शियन सुताराने केलेलं, त्याच्या सवयीच्या चांदण्यांच्या जाळीचं. कोणी काही म्हटलं नाही. उलट ते मखर अजून वापरतो.

हे सगळं खरं, तरी नियम नियमच. मी विषय समितीत नेला. बैठक साल्मियाला अध्यक्षांच्या घरी होती. अध्यक्ष मूळचे पुण्याचे, इथे बँकेत, आणि इतिहास वाचलेले. मराठी इतिहास ते इतका बारकाईने वाचतात की त्यांच्यासमोर कोणी ‘गड’ आणि ‘किल्ला’ एकाच अर्थाने वापरत नाही.

“वहिनी, आज सिकंदर आला, उद्या कोणी आयफेल टॉवर आणेल,” ते म्हणाले.

“भावजी, आयफेल टॉवर किल्ला नाही.”

“आणि हा आहे, कबूल. पण कोणाचा? जग जिंकायला निघालेल्याचा. आपण किल्ला करतो तो अशांच्या विरुद्ध उभं राहिलेल्यांचा. ते एका ओळीत कसे बसवायचे?”

मुद्दा बरोबर होता आणि मी तसं सांगितलं. आतून काकू, म्हणजे अध्यक्षांच्या पत्नी, भज्यांची ताटली घेऊन आल्या. “पोरगी पुढच्या वर्षी जाणार आहे हो. ठेवू द्या की एकदा.”

“तेवढ्यासाठी नको,” मी म्हटलं. “जाणारी मुलं दरवर्षी आहेत. दया म्हणून ओळीत ठेवलेला तिलाच आवडणार नाही.”

शेवटी असं ठरलं की तिने किल्ला आणावा. तो दाराजवळच्या टेबलावर राहील. तिने माहिती सांगायची, पूर्ण मराठीत, आणि ती ऐकून अध्यक्षांनी ठरवायचं की तो ओळीत येतो की दाराशीच राहतो.

घरी येऊन सांगितलं तेव्हा ती म्हणाली, “दाराजवळ? जिथे सगळे शूज काढतात?”

“तिथेच.”

“अँड इफ आय यूज इंग्लिश?”

“तर तिथेच राहील.”

तिने टेप काढून फळी मोजली. मग म्हणाली, “ओके. चालेल.”

पुढच्या शनिवारी आम्ही अम्गराला गेलो. तिथे भंगाराची आवारं आणि बांधकामाच्या सामानाचे गाळे एकाला एक लागून आहेत. मुरूडकडचे एक व्यापारी तिथे जिप्सम, फरशा आणि खडी विकतात. आमची जुनी ओळख आहे; ईदला त्यांच्याकडून सांदणं येतात, दिवाळीला आमच्याकडून डबा जातो. मुलगी त्यांना चाचा म्हणते.

“काय गो ताय, किल्ला बांधूचा हाय की बिल्डिंग?” त्यांनी माझ्या हातातला मापांचा कागद बघून विचारलं.

“किल्ला. सिकंदरचा.”

“अरे वा. तो तुमच्या स्पर्धेत चालतो?”

“तेच बघायचंय.”

“आमचा जंजिरा चालतो ना?”

“चालतो. महाराष्ट्रातला आहे.”

“मराठ्यांना तर घेता आला नाही तो. तरी चालतो.” ते खुशीत हसले. “मग सिकंदरने काय घोडं मारलंय तुमचं? पोरी, जिप्सम ने. आणि हे बघ, वाळू समुद्रावरची घेऊ नको. मिठानं पांढरी पडेल. खडीचा चुरा देतो, तो लाव वरून.”

दिवाळी जवळ आली की संध्याकाळी बाल्कनीत बसता येतं. भिंती मुलीने ओतल्या, दगडांच्या रेघा खिळ्याने कोरल्या. मी ऑफिसातून यायची, स्वयंपाक करायची आणि लांबून बघायची. कुवेत शहरातल्या शर्क भागात आमचं ऑफिस आहे, तिथे मी हिशेब बघते. दुसऱ्याच्या कामात न विचारता बोट घालायचं नाही ही सवय तिथली. पण खांबांपाशी तिचं अडलं. ग्रीक खांबाच्या माथ्याला दोन्हीकडे वेटोळी असतात. जिप्समची वेटोळी तुटत होती. तिने मला फोनवर फोटो दाखवला.

“ही चकली आहे,” मी म्हटलं.

“आई, इट्स अ व्होल्यूट.”

“असेल. चकलीच आहे, शेवट न मिटवलेली.”

मैदा, मीठ आणि पाणी घट्ट मळलं, सोऱ्यात भरलं आणि ताटलीवर उजवीकडून एक, डावीकडून एक असे वेढे पाडले. चकली पाडताना मला हाताकडे बघावं लागत नाही. ओव्हनमध्ये भाजल्यावर ती दगडासारखी झाली. खांबांवर चढवल्यावर देऊळ एकदम देऊळ दिसायला लागलं. मुलीने एक माथा हातात घेऊन फिरवून बघितला आणि म्हणाली, “नॉट बॅड.” तिच्या तोंडून हे म्हणजे फार झालं.

मग मी चूक केली. किल्ला केला की भोवतीच्या मातीत मोहरी टाकायची, ही माझ्या हाताची सवय. टाकताना मी विचारही केला नाही. मोहरी भिजवून ठेवली होती, ती तटाबाहेरच्या मातीत सगळीकडे भुरभुरवली, वर पाणी शिंपडलं आणि कामाला लागले. दोन-तीन दिवसांनी मुलगी शाळेतून आली, बाल्कनीत गेली आणि तिथूनच तिने हाक मारली. आवाजावरूनच मला समजलं.

फैलक्याभोवती हिरवंगार रान उगवलं होतं.

“हे वाळवंट आहे, आई. डेझर्ट. गवत कुठून आलं?”

“प्रत्येक किल्ल्याला टाकतो आपण.”

“हा प्रत्येक किल्ला नाहीये. काका पहिलं तेच विचारणार. मग काय सांगू, माय मदर डिड इट?”

उपटायला गेलो तर मुळांबरोबर माती आणि वरचा चुरा निघायला लागला. शुक्रवारी स्पर्धा होती. ती खोलीत गेली आणि दार लावलं. मी काही समजूत घातली नाही. चूक माझी होती आणि माझ्याकडे उपाय नव्हता. भाजी चिरत बसले.

तासाभराने ती बाहेर आली, हातात फोन.

“आई, मोहरी उरलीये का?”

“का?”

“अजून टाकूया. त्या कॉर्नरला कमी आलीये.”

तिने सांगितलं ते असं. जुन्या काळच्या एका लेखकाने या बेटाचं वर्णन लिहून ठेवलं आहे. त्यात म्हटलंय की बेटावर दाट झाडी होती, देवीचं देऊळ होतं आणि भोवती रानबकऱ्या आणि हरणं मोकळी फिरत. देवीला वाहण्याखेरीज त्यांना कोणी मारायचं नाही असा नियम होता. तिने हे आधीही वाचलं होतं, पण आज जे वाळवंट दिसतं तेच खरं धरून चालली होती. मीही तेच केलं असतं. मी मोहरी काढून दिली. हरणं मिळाली नाहीत; तिच्या लहानपणच्या खेळण्यांत प्लास्टिकच्या दोन शेळ्या होत्या, त्या झाडीत उभ्या केल्या.

शुक्रवारी हॉलमध्ये किल्ल्यांची ओळ लागली. आमची फळी दाराजवळच्या टेबलावर. खाली चपलांचा ढीग. येणारा प्रत्येक जण वाकून चप्पल काढायचा आणि उठताना त्याचं डोकं किल्ल्यासमोर यायचं, त्यामुळे खरं तर तो सगळ्यांनीच नीट बघितला. एक चिमुरडी मोठ्याने म्हणाली, “आई, चकली!”

शेवटी अध्यक्ष आले. मागे काकू, आणि ओळीतली मुलं आपापले किल्ले सोडून बघायला. मी मुलीच्या बाजूला उभी राहिले नाही. समोसे वाढायच्या टेबलापाशी थांबले. तिथून ऐकू येत होतं.

तिने सुरुवात केली. “हा किल्ला फैलका बेटावर आहे. आपल्या इथून बोटीने जातात. तो दोन हजार वर्षांपेक्षा जुना आहे. तो जमिनीखाली होता. मग...” इथे ती अडली. कुठला शब्द हवा होता ते मला माहीत होतं आणि तो मराठीत तिला येत नव्हता. “मग उकरून बघणारे लोक आले,” ती म्हणाली.

कोणी हसलं नाही. अध्यक्षांनी मान हलवली.

“आत देऊळ आहे. खांब वर ग्रीक आणि खाली इराणी. किल्ल्यावर शिबंदी होती.”

अध्यक्षांच्या भुवया वर गेल्या. शिबंदी म्हणजे गडावरची फौज. हा शब्द आमच्या घरात कोणी बोलत नाही. इतक्या वर्षांच्या राजगड-तोरण्याच्या माहितीतून तो तिच्याकडे राहिला होता आणि आता बरोबर जागी आला.

“वाळवंटात ही हिरवळ कसली?” त्यांनी विचारलं. तिने झाडी, देवी आणि शेळ्या सांगितल्या. शेळ्यांना मारायची बंदी होती हे ऐकून मुलं शेळ्या बघायला पुढे सरकली.

मग अध्यक्ष म्हणाले, “ठीक. राजा कुठे आहे?”

प्रत्येक किल्ल्यावर, सगळ्यात उंच जागी, महाराज बसलेले असतात. तिच्या किल्ल्यावर तटावर आणि आवारात मातीचे साधे शिपाई होते, विहिरीपाशी एक बाई होती, आणि वरची जागा मोकळी होती. याची तयारी आम्ही केली नव्हती. मला तर ते लक्षातही आलं नव्हतं.

“राजा नाही, काका.”

“विसरलीस?”

“नाही. तो इथे आलाच नाही. त्याने फक्त नाव दिलं, मग तो वारला. त्याचं राज्य पण तुटलं. पण ही माणसं राहिली. त्यांना घरी जायला मिळालं नसेल, किंवा नको असेल. त्यांनी देऊळ बांधलं, भिंत बांधली. लग्नं केली असतील. मुलं झाली असतील, ती इथलीच. तुम्ही म्हणता हा जिंकणाऱ्याचा किल्ला आहे. पण मी तो नाही केला. जे मागे राहिले, त्यांचा केला.”

एकही इंग्रजी शब्द नव्हता. ‘राज्य तुटलं’ असं कोणी म्हणत नाही, पण समजलं सगळ्यांना.

तटावरचा कललेला एक शिपाई अध्यक्षांनी बोटाने सरळ केला. मग म्हणाले, “राजा नसताना गड कसा राखतात ते तू मला सांगू नकोस, पोरी. ते आम्हाला माहीत आहे.” आणि त्यांनी फळीच्या एका बाजूला हात घातला. “वहिनी, तिथे काय उभ्या आहात? धरा पलीकडून.”

मी हात पुसून गेले. रायगड थोडा डावीकडे सरकवला, सिंधुदुर्ग उजवीकडे, आणि मधे फैलका ठेवला. काकू मागून म्हणाल्या, “बघा, बसला की. उगीच बैठका घेता.”

बक्षीस मिळालं नाही. पहिला नंबर सिंधुदुर्गाला गेला आणि तो योग्यच होता. तो करणाऱ्या तिसरीतल्या मुलाने भोवती खरं पाणी ठेवलं होतं आणि ते एकदाही गळलं नाही. पण त्या ओळीकडे मी समोशांच्या टेबलापाशी उभी राहून बराच वेळ बघितलं. मी कौतुक फारसं करत नाही, माझ्या घरात सगळ्यांना ते माहीत आहे. त्या दिवशी जो भेटेल त्याला सांगत होते की मधला आमचा आहे. नियमाने ओळीत आलाय, हेही सांगत होते.

उन्हाळ्यात ती पुण्याला गेली. त्यानंतरच्या पहिल्या बैठकीत मी नियमात भर घालायचा ठराव मांडला: किल्ला महाराष्ट्रातला असावा, मराठ्यांनी जिंकलेला असावा, किंवा आपण राहतो त्या मुलखातला असावा. अध्यक्षांनी अनुमोदन दिलं आणि वर म्हणाले, “आयफेल टॉवर तरीही चालणार नाही.”

दिवाळीच्या आधी तिचा होस्टेलमधून फोन आला. मुली आवारात किल्ला करणार होत्या, लाल मातीचा, खरा, अंगणातला. कुठला करायचा यावर वाद चालला होता.

“मी फैलका म्हटलं,” ती सांगत होती. “त्या म्हणाल्या, असा कुठे असतो का, आपल्याकडचाच पाहिजे.”

“मग?”

“मी म्हटलं, मी राहिलेय त्या मुलखात. आणि नियम माझ्या आईने लिहिलाय.”

ती हे सगळं मराठीत बोलत होती, हे मला फोन ठेवल्यावर लक्षात आलं. फोनवर मी एवढंच विचारलं, की मोहरी भिजत घातली का.

“केव्हाच,” ती म्हणाली. “सोऱ्या मात्र कोणाकडे नाहीये. कुरिअरने पाठव.”